डबीतला सफेदा

४ मार्च
बाबांच्या ट्रंकेतून आईची डबी आणली. ते म्हणत होते, कुंचले ने, कंगवे ने, ती डबी कशाला? मी म्हटलं, प्रदर्शन पांढऱ्या रंगाचं आहे, कंगवे काय करू! हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतात.

पितळी, मुठीएवढी. आत निम्म्याहून जास्त पूड, घट्ट बसलेली. आई नाटक कंपनीत नायिका. बाबा तिथेच चेहरे रंगवत आणि पडदेही. नऊ वर्षांची झाले तेव्हापासून डबी भरायचं काम माझं. आई म्हणायची, तुझ्या हातची पूड लोण्यासारखी बसते. एवढी शाबासकी मला पुढे कुठेच मिळाली नाही.

५ मार्च
फलकाचा मजकूर. शिशाच्या पट्ट्या मडक्यात व्हिनेगरवर टांगायच्या, मडकी शेणात पुरायची. काही आठवड्यांनी पट्ट्यांवर पांढरा पापुद्रा धरतो. तो खरवडला की सफेदा. शतकानुशतकं चित्रकारांना याच्या तोडीचा पांढरा मिळाला नाही. बायकांनी तोच तोंडाला लावला. त्याने कातडी बिघडायची, मग ते डाग झाकायला आणखी जाड थर.

शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. संग्रहालयाच्या संचालकबाई म्हणाल्या, छान जमलंय. छान!

७ मार्च
आईच्या डबीतला वरचा कण घेतला, त्यावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब सोडला. काळा पडला. शिसं.

आईच्या हिरड्यांवरची निळसर रेघ. पोटात कळा. मग उजवं मनगट लुळं पडलं, कप धरता येईना. डॉक्टर म्हणाले, नसा अशक्त आहेत, टॉनिक घ्या. आई त्या हाताला ‘आमचे पाहुणे’ म्हणायची – आले आणि जायचं नाव घेत नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी गेली. मी चव्वेचाळीसची. आईपेक्षा मोठी झाले आहे.

८ मार्च
बाबांना विचारावं का? ब्याऐंशी वर्षांचे आहेत. विचारून कोणाचं भलं होणार? पण न विचारता दर रविवारी त्यांच्यासमोर जेवायला बसायचं, हेही खोटंच. की मला फक्त कोणावर तरी रागवायचं आहे? असेलही.

१० मार्च
विचारलं.

ते खिडकीपाशी नखं कापत होते. मी सगळं सांगितलं – थेंब, काळा कण, हात. त्यांनी नेलकटर बंद करून खिशात ठेवलं.

“हो,” म्हणाले. “माझ्याच हातून झालं.”

“तुम्हाला माहीत होतं, सफेदा विषारी असतो?”

“माहीत होतं.”

“तरी लावलात?”

“तरी लावला. आता जेवून घे, गार होतंय.”

मी जेवले नाही. जाताना त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

१७ मार्च
रविवार. गेले नाही. त्यांचा फोन आला, घशाला आता बरं आहे का? घसा मागच्या महिन्यात धरला होता. हो म्हटलं, ठेवला.

फलकात एक ओळ वाढवली आहे: ‘लावणाऱ्याला ठाऊक होते.’ खरी आहे. मग ती लिहिताना बरं का वाटलं?

२० मार्च
आमच्या प्रयोगशाळेतला भिंगवाला डबी बघून म्हणाला, बाई, नुसता वरचा कण काय घेता, खाली विहीर खणा की. त्याने बारीक नळी तळापर्यंत घातली आणि पुडीची कांडी जशीच्या तशी उभी बाहेर काढली. जुनी चित्रं तपासायच्या आमच्या धंद्यातली पहिली शिकवण – वरच्या थरावर विश्वास ठेवू नये. शिष्यांना मीच शिकवते. आईच्या बाबतीत विसरले.

वरपासून खालपर्यंत थेंब सोडत गेलो. वर काळं. मध्ये काळं. तळाशी बोटाच्या पेराएवढा थर पांढराच राहिला. पुन्हा सोडला. पांढराच.

“खाली जस्ताची भुकटी आहे,” तो म्हणाला. “निरुपद्रवी. कोणीतरी मध्येच माल बदलला.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

रंगपटात दोन डबे असायचे. चेहऱ्याचा छोटा, वरच्या फळीवर. त्यातली पूड फुसफुशीत, चेहऱ्यावर धड बसायची नाही. पडद्यांचा मोठा, जमिनीवर, माझ्या हाताशी. त्यातली जड, मऊ. बाबांनी सांगितलं होतं, वरच्यातलीच घ्यायची. एकदा घाईत खालची घेतली. त्या दिवशी आई आरशात पाहून म्हणाली, लोण्यासारखी बसते.

त्यानंतर मी वरच्या डब्याला हात लावला नाही. आणि जुनी पूड कधी काढली नाही, वरच भरत गेले. तीन वर्षं.

२१ मार्च
फलकातली ओळ काढली. संचालकबाईंनी कारण विचारलं. चूक होती, म्हटलं.

२४ मार्च
बाबांकडे गेले. डबी टेबलावर ठेवली, तळाचं सांगितलं. ते झाकणाशी चाळा करत बसले.

मी विचारलं, खोटं का बोललात?

“तुझ्या आईच्या लक्षात आलं होतं, शेवटी शेवटी. मला म्हणाली, कोणी विचारलंच तर तुम्ही लावला म्हणा. पोरीला शाबासकी मी दिली होती.”