आधी मोठ्यांची गाडी

बेंडिगो, ऑस्ट्रेलिया, १४ नोव्हेंबर

प्रिय नोरीनताई हिस धाकट्या युनाचा नमस्कार,

तुझा गुडघा कसा आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तराची चार पानं नकोत. मी बरी आहे. म्हणजे दमले आहे.

दमणूक शनिवारच्या वर्गाची. चर्चमागच्या हॉलमध्ये कॉलेजची मुलं कॅरेन पोरापोरींना इंग्रजी शिकवतात (कॅरेन ही म्यानमारमधली जमात; ही पोरं थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतून आलेली, सतरा-अठराची). मी फक्त चहा करायला जायचे. तिथला म्होरक्या लॅकलन, वय एकोणीस, मला सरळ 'युना' म्हणतो (चाळीस वर्षं पोस्टात काढली, पोस्टमास्तरसुद्धा मिस गॅरटी म्हणत). तो म्हणाला, "युना, एहपॉला लायसन्ससाठी एकशेवीस तास गाडी चालवून वहीत नोंदवायचेत. शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतं. आमची सगळ्यांची अजून कच्ची. तुम्ही नुसतं बसायचं."

एहपॉ ही वर्गातलीच मुलगी, नुकतीच अठराची झाली. फेब्रुवारीपासून तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात शिकाऊ नोकरी आहे. सकाळी सहाची पाळी, तिकडे बस नाही. डिसेंबरात लायसन्स मिळालं नाही, तर जागा दुसरीला.

तर नुसतं बसले. पहिल्याच सर्कलवर अकरा मिनिटं बसले. वाट मोकळी झाली तरी ही हलेना.

"जा की गं."

"आजी, त्या गाडीतले आजोबा मोठे आहेत. मोठ्यांच्या पुढून कसं जाऊ?"

त्यांच्यात वडीलधाऱ्यांपुढून जायचं तर वाकून जायचं. गाडीला वाकता येत नाही, म्हणून ही थांबते. मी म्हटलं, "अगं, सकाळी दहाला या गावात गाडी घेऊन निघणारा प्रत्येक जण मोठाच असतो." "हो ना," म्हणाली, आणि आणखी दोघांना जाऊ दिलं. मागचा ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला, तेव्हा काच खाली करून शांतपणे म्हणते, "दादा, घाई होती तर काल निघायचं." (तो तरुण होता, म्हणून चाललं.) शब्द माझे, सूर थेट आपल्या शाळेतल्या मदर ॲलॉयशियसचा. लॅकलनला सहा महिन्यांत इतकं इंग्रजी शिकवता आलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी तर मोकळ्या रस्त्यात कचकन ब्रेक. माझा चष्मा मांडीवर. कशाला थांबलीस, विचारलं तर गप्प. मी घरापर्यंत बोलत होते. तिने उतरल्यावर निमूटपणे वहीत तास लिहिला.

एकशे एक झालेत. माझ्यात आता त्राण नाही.

तुझी,
युना

ता. क. मंगळवारचा तो रस्ता मोकळा नव्हता. सायकलवरून एक शाळकरी मुलगी चालली होती. मला दिसली नाही; तिची आई आभार मानायला आली तेव्हा कळलं. एहपॉ कोणाला बोलली नाही, मोठ्यांची चूक काढायची नसते म्हणे. मीच डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत माझं लायसन्स बंद.

ता. क. दुसरा. तुझं पक्कं आहे. गुडघ्याची सबब नको, पाय तिचे वापरायचेत. सोमवारची आगगाडी धर. एकोणीस तास उरलेत. पुढे तू बस, मी मागे बसेन आणि बोलणार नाही (फारसं).

ता. क. शेवटचा. ती तुलाही आजी म्हणू बघेल. तू मावशी म्हणवून घे. आजीची जागा भरलेली आहे.