शार्त्रच्या पायरीतला खळगा

रविवार, कॅसल हिल

फ्रान्सहून येऊन तीन दिवस झाले, बॅगा अजून तशाच पडल्यात, आणि मी मनाने शार्त्रच्या त्या पायरीवरच उभी आहे. एवढंसं शहर, आणि त्यात आठशे वर्षांचं केवढं ते चर्च! दाराशी पोचले आणि देवळात जाताना काढतो तसे सवयीने बूट काढले. लेक ओरडलीच, "आई, व्हॉट आर यू डूइंग? एव्हरीवन इज लुकिंग!" ओशाळून परत घालायला वाकले, तेवढ्यात पाय पायरीतल्या खळग्यात अलगद बसला. दगड मधोमध झिजलेला. कोणी कोरलेला नाही, नुसत्या माणसांच्या पायांनी. किती पाय? बूट असते तर कळलं तरी असतं का? अंगावर काटाच आला. आत सगळे मान वर करून रंगीत काचा बघत होते. मी खाली बघत होते.

आज लेकीला स्विमिंगहून घरी आणलं. दाराशी बूट काढले आणि पाय आपोआप तो खळगा शोधायला लागला. आमची पायरी मात्र एकदम सपाट. घरच दोन वर्षांचं, झिजणार कुठून?

"आई, आत चल ना!"

तरी जरा वेळ उभी राहिले, अनवाणी. इथले पहिले पाय आमचेच.