तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

१२ ऑक्टोबर १९८०
माझ्या पोराचे, इरजचे कर्नलसाहेब घरी आले आज! पर्तवी नाव त्यांचं. मी अंगणात अक्रोड सोलत होतो, दोन्ही हात काळेकुट्ट. तसाच बसलो समोर — लाज वाटली. लढाई लागून तीन आठवडे झाले, पोरगा रोज इराकच्या हद्दीत विमान नेतोय. साहेब म्हणाले, "एकुलता एक आहे तुमचा. तुम्ही हो म्हणा, त्याला तेहरानला शिकवायच्या कामावर धाडतो."

जीव भांड्यात पडला माझा! पण पहिल्याच फेरीत हो म्हणायचं? आपल्यात दुसरा चहासुद्धा कोणी दोनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाही. म्हटलं, "छे छे, बाकीच्यांची पोरं काय रस्त्यावर पडलीत?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं, जरा हळू. तिसऱ्यांदाचा हो जिभेवर तयार होता. साहेब उठले, मला सॅल्यूट ठोकला आणि गेले!

बायको, मुलूक, पडद्याआडून ऐकत होती. "जळो तुमची ती रीत," म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी.

१३ ऑक्टोबर
विचारतील पुन्हा. घरंदाज माणूस आहे.

१६ ऑक्टोबर
मुलूकनं आज तोंड उघडलं — फोन करा, एवढंच. कोट चढवून पोस्टात गेलो. साहेब लगेच आले की फोनवर! मी तब्येत विचारली. बायकामुलांचं विचारलं. त्यांच्या आईच्या गुडघ्याचंही विचारलं. मग फोन ठेवला. मूर्ख म्हातारा! नाही म्हणून बसलो, आता मागायचं कुठल्या तोंडानं? मुलूक बाहेर उभी होती, माझा चेहरा बघूनच समजली.

शनिवारी सरळ तळावरच जातो. पाय धरतो त्यांचे.

१८ ऑक्टोबर
इरज गेला. काल सकाळीच. आज मी बससाठी निघालो तर दारात तळावरची जीप.

२० ऑक्टोबर
तिसऱ्या दिवसाचा दुखवट्याचा हलवा वाटून झाला. जो येतो तो म्हणतो, बाप असावा तर असा, सुटका चालून आली तरी नको म्हणाला. गावभर झालंय. आणि मी मान डोलावतो! खरं सांगायची हिंमत नाही. माझ्या भिडेपायी गेला माझा पोरगा.

२४ ऑक्टोबर
साहेब आले होते. राहवलं नाही, सांगून टाकलं — तिसऱ्यांदा विचारलं असतं तर हो म्हणणार होतो. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी आपणहून नव्हतो आलो हो. इरजनंच पाठवलं होतं. घाबरला होता. म्हणाला, बाबा हो म्हणाले तरच विमानातून उतरतो."

माझं बोलणं त्याला सांगितलंत का, विचारलं. शब्दन् शब्द, म्हणाले.