गप्प बसण्याची तालीम

ता. १० नोव्हेंबर

चि. लेकीस आईचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकला तो लंबू. मी अजून केस विंचरतेय, तर हा दारात हजर. बुटाच्या नाड्या सुटलेल्या, दप्तर उघडं आणि मान वाकवलेली, कारण आपल्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटून झालेलं आहे. त्याच्या मागून आली खोडरबर. हे नाव मी ठेवलेलं नाही हं, तुझ्या लेकीचं काम आहे ते. पोरगी बरोबर उत्तराचा गोल काळा करते, मग तिला शंका येते, मग खोडते आणि शेजारचा चुकीचा गोल काळा करते. टेबलावर खोडरबराचा इतका कचरा पडतो की मला दोनदा केर काढावा लागतो. सगळ्यांत शेवटी तुझी लेक, म्हणजे आमच्या ठकीबाई उठल्या. घरातच राहते ना, तिला कशाची घाई.

दर रविवारी हे तिघं आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाई त्यांच्याकडून प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात. बाई वयाने तुझ्यापेक्षा लहान, पण पोरं त्यांना टरकून असतात. मीही थोडी असते.

ही परीक्षा मला अजून पुरती समजलेली नाही. प्रश्नाखाली चार उत्तरं आधीच छापलेली असतात. मला वाटलं, अगं, मग अवघड काय आहे, उत्तर तर समोरच आहे. तर लंबू म्हणाला, आजी, त्यातली तीन खोटी असतात आणि खऱ्यासारखी दिसतात. वर चुकलं तर कमावलेले गुणही कापतात. हे म्हणजे फारच झालं. परवा एक प्रश्न होता, हातोडा, करवत, पक्कड आणि टोपली, यातलं वेगळं कोणतं. मी म्हटलं करवत, कारण बाकीच्या तिन्ही वस्तू शेजारी मागून नेतात आणि करवत कोणी मागत नाही. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. तुझ्या लेकीने मात्र मान वर न करता टोपलीवर गोल काळा केला आणि पुढे गेली.

माझा काय उपयोग म्हणशील तर मी तिथेच खुर्ची टाकून शेंगा सोलते आणि बोलते. पोरांना कंटाळा नको ना यायला. शेजारच्या शिंपीणबाईंच्या जावयाचं, वरच्या मजल्यावरच्या मांजरीचं, तुझ्या लहानपणीचं, जे आठवेल ते सांगते. ठकी म्हणते आजी बोलत असली की माझं भराभर होतं. घरच्या सराव परीक्षेत ती तिघांत पहिली येते आहे. जनावरांची डॉक्टर होणार म्हणजे होणार, असं मी शिंपीणबाईंना सांगूनही टाकलं.

पुढच्या रविवारी शहरातल्या मोठ्या सभागृहात खऱ्यासारखी सराव परीक्षा आहे, सगळ्या शाळांची मिळून. तू काळजी करू नकोस. जेवत जा वेळेवर. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

•

ता. २६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ठकीच्या सराव परीक्षेचा निकाल पाहिला. आई, मी रागावलेली नाही, पण घाबरले आहे. खोडरबरसुद्धा तिच्या पुढे गेली. अर्धी उत्तरपत्रिका कोरी! ठकीला फोनवर विचारलं तर म्हणाली, डोकं बंद पडलं, आणि रडायलाच लागली.

पशुवैद्यकाच्या जागा किती थोड्या असतात हे तुला ठाऊक नाही. या परीक्षेत मागे राहिली तर वर्ष जाईल, आणि तिने सहावीपासून दुसरं काही मनात आणलेलं नाही. इथे माझ्या कार्यालयाजवळ एक शिकवणी आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून घेतात. तिला इकडे घेऊन यावं असं मनात आहे. मैत्रिणी तुटतील, बाई सुटतील, तुझ्या घरात पोकळी होईल, सगळं कळतं मला.

आणि एक सांगू का, राग मानू नकोस. माझ्या शेवटच्या परीक्षांच्या वेळी मी रोज मावशीकडे जात होते ना, ते तिचं घर हवेशीर म्हणून नव्हे. मावशी बोलत नव्हती म्हणून. तुझ्यासमोर बसून आजवर कोणाचा अभ्यास झालेला नाही, आई. तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पुस्तकातल्या ओळीसुद्धा तुझंच ऐकायला लागतात.

उत्तराची वाट बघते. गुडघ्याला तेल लाव. तुला राग आला तरी चालेल, पण माझ्यावरची तुझी नजर तशीच राहू दे.

तुझी लेक

•

ता. २ डिसेंबर

चि. लेकीस आशीर्वाद. राग अजिबात आला नाही. मावशीचं घर हवेशीर नव्हतंच, मला तेव्हाच शंका आली होती.

तुझं पत्र मी बाईंना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, ठकीला न्यायच्या आधी मला एक रविवार नुसतं बघू द्या. आणि त्या कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. पोरं सोडवतात, मी बोलते, नेहमीचंच. संपल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि जे सांगितलं ते ऐक.

तुझ्या लेकीचं असं आहे. प्रश्न अडला की ती त्याला धरून बसते. सोडतच नाही. मांजर दाराच्या फटीपाशी बसतं ना, उंदीर केव्हाच पळालेला असतो, तरी हलत नाही, तशी. आणि इथे घरी ती अडली की नेमकी मी काहीतरी बोलते, तिची तंद्री मोडते, ती वैतागून वर बघते आणि पुढच्या प्रश्नावर जाते. असं प्रत्येक वेळी. बाई म्हणाल्या, आजी, तुम्ही तिला नकळत हलवत होता. सभागृहात हलवणारं कोणी नव्हतं, सगळं चिडीचूप. पोर सुरुवातीच्याच एका प्रश्नाशी जाऊन बसली आणि तिथून उठलीच नाही.

म्हणजे बघ, तुझा अभ्यास माझ्या बोलण्याने होत नव्हता आणि हिचा माझ्या बोलण्याशिवाय होत नाही. मायलेकी दोघी, पण काय तऱ्हा!

बाईंनी उपाय काढला आहे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, उरलेल्या वेळात परत यायचं, हे तिचं तिला जमायला हवं. त्यासाठी मी गप्प बसायचं. आधी खोलीत बसून, मग खोलीबाहेर. फेब्रुवारीत त्याच सभागृहात दुसरी सराव परीक्षा आहे. तोवर पोर माझ्याकडे राहू दे. तेव्हाही तिची पत्रिका कोरी राहिली तर मी स्वतः तिची पेटी भरून तुझ्याकडे घेऊन येईन आणि एक शब्द बोलणार नाही. तेवढं तरी आता शिकलेली असेन.

हो म्हण. आईचं एवढं ऐक आणि लोभाला कात्री लावू नकोस.

तुझी आई

•

ता. ९ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारचे कारकून पाण्याचा पेला घेऊन धावत आले. तू आणि गप्प! बाबा असते तर त्यांनी तिकीट लावून लोकांना दाखवलं असतं.

फेब्रुवारीपर्यंत थांबते. पण त्यानंतर भावनेच्या भरात काही ठरवायचं नाही, हे दोघींनी लक्षात ठेवू. बाईंना माझा नमस्कार सांग आणि तुझ्या तोंडाला कुलूप लागलं की मला आवर्जून कळव. पत्रं पाठवत राहा, त्यात कितीही बोललीस तरी चालेल.

तुझीच, लोभाची हक्कदार लेक

•

ता. १८ फेब्रुवारी

चि. लेकीस पोटभर आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणू नकोस, मी नोकरीवर होते. गप्प बसण्याची नोकरी. बाळंतपण सोपं गं त्यापेक्षा.

पहिल्या रविवारी मी तोंड मिटून शेंगा सोलायला बसले. बाई म्हणाल्या, शेंगांचाही आवाज होतो. मग पेल्यात चमचा ढवळला, तर तोही काढून घेतला. कारण मी मुद्दाम ढवळत होते, ठकी अडलेली मला दिसत होती ना! भुवया वर केल्या तर लंबू म्हणाला आजी भुवयांनी बोलते. शेवटी मांडीवर हात ठेवून नुसती बसले. पोटात शब्द असे उकळत होते की झाकण उडेल असं वाटलं. ठकी एका प्रश्नाशी जाऊन बसली, बसली, बसली. मला ओरडावंसं वाटत होतं की उठ गं बाई, सोड त्याला. मी ओठ दाताखाली धरून ठेवले. त्या दिवशीही तिची निम्मी पत्रिका कोरी राहिली आणि ती जेवली नाही.

मधेच शिंपीणबाई आल्या. मी ओठांवर बोट ठेवून त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यांना वाटलं मी रुसले. दोन रविवार त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि नंतर सगळ्या गल्लीत सांगितलं की हिच्या घशाला काहीतरी झालंय. वरच्या मजल्यावरचे आजोबा मध घेऊन आले. मी घेतला, मध काय वाईट?

मग जानेवारीत एका रविवारी गंमत झाली. ठकी अडली आणि माझ्याकडे वैतागून बघितलं, जशी मी बोलल्यावर बघते तशी. आणि मी तर बोललेच नव्हते! दोघी बघतच राहिलो. मग ती खुदकन हसली, त्या प्रश्नापुढे तिने छोटी रेघ मारली आणि पुढच्यावर गेली. बाईंनी कोपऱ्यातून मला हळूच मान हलवून दाखवली. मी तरीही बोलले नाही, लिहून ठेव.

तेव्हापासून रेघा वाढल्या आणि कोरे गोल कमी झाले. पुढे बाईंनी मला खोलीबाहेर पायरीवर बसवलं. ठकीला मी दिसत नव्हते, मला ती दिसत नव्हती. तो रविवार सगळ्यांत लांब होता बघ.

सभागृहाच्या परीक्षेचा निकाल काल लागला, ती तिघांत दुसरी आली. लंबू पहिला. एकही पान कोरं नाही. पेटी माळ्यावरच आहे. हिशेबाने आता तू मला शाबासकी द्यायला हवीस, पण तू माझी लेक आहेस, तू आधी विचारशील की दुसरी का, पहिली का नाही. एवढी हुशारी नको गं, थोडा लोभही असू दे.

तुझी आई

•

ता. ३ मे

ती. आजीस,
सा. न.

परीक्षा झाली. कशी झाली ते आईला आणि तुला वेगवेगळं सांगायचं आहे, म्हणून तुला पत्र. आईला मी फक्त बरी गेली असं म्हटलंय.

केंद्र इथे आईच्या गावातच होतं. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही. तिला वाटतं ते माझ्यासाठी चांगलं असतं. आजी, ते फार भयंकर असतं.

आत एवढी शांतता होती की शेजारच्या मुलाच्या पोटातली गुडगुड ऐकू येत होती. रसायनशास्त्रात एक प्रश्न आला आणि मी अडकले. पुन्हा तेच, नोव्हेंबरसारखं. मी मान वर केली. समोर तू नव्हतीस, एक टक्कल पडलेले पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत होते. पण तेवढ्यात मला तू दिसलीस, ओठ दाताखाली धरलेली, गाल फुगलेले, आता फुटशील अशी. पूर्वी शांत झालं की मला वाटायचं कोणीच नाही. आता शांत झालं की वाटतं तू बसली आहेस आणि मोठ्या कष्टाने काही बोलत नाहीस. मला हसू आलं. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी रेघ मारली आणि पुढे गेले.

शेवटी परत येऊन तो प्रश्नही सोडवला. बरोबर की चूक, देवाला माहीत.

पुढच्या आठवड्यात येते. निकाल लागेपर्यंत तू गप्पच राहा, मला सवय झाली आहे. खोटं बोलले. तसं काही करू नकोस.

तुझी लाडकी (बाकी कोणाला नात म्हणून घेऊ नकोस)

•

ता. १२ जून

चि. लेकीस आईचे आशीर्वाद आणि नाचत नाचत आशीर्वाद.

तुला फोनवर ठकीने सांगितलं ते मीही ऐकत होते, पण फोनवर तू रडत होतीस आणि ती हसत होती, त्यात माझा नंबरच लागला नाही. म्हणून लिहिते.

निकाल सकाळी लागला. ठकीने पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं, मग लंबूला बघायला लावलं. नाव होतं. पशुवैद्यक, तेही हव्या त्या महाविद्यालयात. मी दारात उभी, कोणी काही सांगेना, माझा जीव टांगणीला. मी नेहमीसारखी तोंड मिटून होते. तर ठकीने येऊन माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "आजी, आता बोल."

मग मी बोलले. शिंपीणबाईंपासून सुरू केलं, जावयावरून वरच्या मजल्यावर गेले, मांजरीला चार पिल्लं झालीत ते सांगितलं, तू लहानपणी कुत्र्याला पोळी भरवताना बोट चावून घेतलंस तिथपर्यंत आले. जेवताना बोलले, भांडी घासताना बोलले. ठकी टेबलाशी हनुवटी टेकवून ऐकत होती. तिच्या पुढ्यात एकही कागद नव्हता. मला जरा कसंसंच झालं. ऑगस्टमध्ये ती जाईल. तू म्हणालीस तशी पोकळी होणार आहे, त्यात खोटं नाही. पण होऊ दे, पोरगी मोठ्या कामाला चालली आहे. मी तिला विचारलं होतं, जनावर बोलत नाही, मग कुठे दुखतं ते कसं कळणार. म्हणाली, गप्प बसून बघायचं. बघ म्हणजे, आता ती मला शिकवते.

लंबूला अभियांत्रिकी मिळाली. तो सांगायला आला तो चौकटीला कपाळ आपटूनच.

खोडरबराचं मात्र राहिलं. थोडक्यात राहिलं. कितीतरी बरोबर गोल काळे करून मग खोडलेले होते, बाईंनी पडद्यावर तिची उत्तरपत्रिका बघून सांगितलं. पोर दिवसभर घरातून बाहेर आली नव्हती. संध्याकाळी बाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. ती त्याच खुर्चीत बसली, डोळे सुजलेले. मला वाटलं आता काही बोलले तर रडेल, म्हणून मी तिच्यासमोर बसले आणि काहीच बोलले नाही. सवय कामाला आली. खूप वेळाने तीच म्हणाली की पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं आहे, पण घरी सगळे एकसारखे समजूत घालतात, तिथे काही सुचत नाही. टेबल रिकामं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं टेबल रिकामं आहे आणि मीही. खोडायला लागलीस तर मी खोकेन, तेवढीच परवानगी बाईंकडून काढते. बाईंनी दिली. पोरगी पहिल्यांदा हसली, आणि जाताना केर स्वतः काढून गेली.

आता तू जेवत जा, ठकीच्या वस्तू घ्यायला सुट्टी काढून ये आणि आल्यावर मला बोलू दे. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे तो कोणालाही देऊ नकोस.

तुझी आई

ता. क. खोडरबर आणि बाई रविवारी सकाळी येतो म्हणून गेल्या आहेत.