आदर्शच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकास परवानगी

दि. १० डिसेंबर २०२५

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
महानगरपालिका, कोल्हापूर.

विषय : कसबा बावडा येथे १० बाय १५ फुटांचा वाढदिवस-शुभेच्छा फलक लावण्याबाबत, व तातडीच्या स्थळपाहणीबाबत.

महोदय,

गेल्या श्रावणात मुलीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तानाबाई मला फाटकाशी म्हणाल्या, "ताई, पोरगी डबा कुत्र्याला घालतीया. बघा की जरा." मी बी.कॉम. झालेली. म्हणाले, "मावशी, डाएट असेल, वयच आहे."

डाएट नव्हते. आमचा दुधाचा धंदा आहे. संयोगिता आठवीत आहे. वर्गातल्या आदर्शने तिचा घास घेतानाचा फोटो काढून मोबाईलवर स्टिकर केले, वर लिहिले 'गोठ्यातली म्हैस'. पाच महिने ते रोज फिरते आहे. मुलगी आता माझ्यासमोरही तोंड झाकून जेवते. आदर्शचे वडील हंबीरराव यांना भेटले, तर म्हणाले, "वहिनी, पोरं हायत, चेष्टा करणारच की. तुमचीच लई नाजूक हाय." आणि माझा नंबर ब्लॉक केला.

हेच हंबीरराव दरवर्षी २१ डिसेंबरला आदर्शचा गॉगलवाला फलक कोपऱ्यावर लावतात. यंदा तो मी लावणार. फोटो तोच गॉगलवाला, खाली त्याने माझ्या मुलीवर वर्गाच्या ग्रुपवर टाकलेले चौदा मेसेज, आणि 'शुभेच्छुक' म्हणून स्टिकरवर हसणाऱ्या तेवीस मुलांची नावे, फोटोसहित. चोविसावी हसणारी माझीच मुलगी आहे. तिला हसावे लागले. तिचे नाव वगळले आहे. फलक हंबीररावांच्या गॅलरीतून सरळ दिसावा, ही विनंती.

नमुना कसा वाटतो म्हणून सोमवारी मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तो मुलांकडे पोचला आणि त्याचेही स्टिकर झाले. मला बरे वाटले, खोटे कशाला लिहू.

काल आणि आज आदर्श शाळेत आला नाही. गॅलरीतले कपडे सोमवारपासून तसेच वाळत आहेत. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. ती बेल वाजवायला मला तोंड नाही.

परवानगीपूर्वी आपला माणूस जागा बघायला येतो, असे कळले. तो कृपया आजच पाठवावा. अर्ज मी मागे घेत नाही. पण जागा मागाहून मोजावी. आधी त्याने हंबीररावांकडे दुसऱ्या मजल्यावर जावे, दार उघडेपर्यंत थांबावे, आणि पोरगा जेवला का, तेवढे विचारून मला फोन करावा.

फोनजवळ बसलेली अर्जदार,
वर्षाराणी कृष्णात पाटील

सोबत : फलकाचा नमुना, मेसेजच्या प्रती, माझा मोबाईल नंबर (दोनदा लिहिला आहे).