वासराखालचा पेंढा

प्रिय ताई,

थंडीने आखडलेल्या हातांचा नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, तू विणलेला स्वेटर अंगात असतो. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

आता खरं सांगतो, डोकं फिरलंय माझं.

गेल्या आठवड्यात इथल्या गोठ्यात एक गाय व्याली. थंडी कडाक्याची, म्हणून मी वासराखाली गुडघाभर पेंढा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर वासरू उघड्या फरशीवर कुडकुडतंय! मुकादमाने सगळा पेंढा नेऊन कोबीच्या वाफ्यांवर पसरला होता. का, तर व्यापारी कोबी बघायला येणार होते.

आता वासराच्या कानांची टोकं काळी पडलीत. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गळून जातील. मुकादमाला जाब विचारला, तर म्हणतो, "कानांवाचून दूध अडत नाही."

मग मात्र माझं तोंड सुटलं. "तुमचे कान शाबूत आहेत ना? गाय पहाटेपासून हंबरत होती, तेव्हा कुठे होते ते?" सगळे गडी हसले. मालकांनी मलाच गोठ्यातून काढून कोबीवर घातलं. नोकरी आहे, घाबरू नकोस. आईला फक्त कोबीचं सांग. तिची खोकल्याची बाटली संपली का?

रोज दुपारी मी वाफ्यांवरचा भाराभर पेंढा उचलतो आणि सगळ्यांदेखत वासराखाली नेऊन टाकतो. मुकादम बघत उभा असतो.

बघू दे.

तुझा भांडकुदळ,
धाकटा