तीन मीटरच्या आत

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळचे ७ वाजून १० मिनिटे.
खाटेवर बसून नव्या वहीला कव्हर घालत होतो, ते झाले. मुरुमपासून चार किलोमीटरवर, शेताच्या कडेचा हा पत्र्याचा कंटेनर आता माझा. पंखा आहे. किल्ली माझ्याकडेच. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर आणि शुद्धलेखन पाहून गॅस कंपनीने मला ठेवून घेतले. काम सोपे. जमिनीखालून गॅसची पाइपलाइन जाते. तिच्यावरून यंत्राची काठी घेऊन चालायचे, जागा आणि खोली मोबाइलवरच्या नकाशात भरायची. इथल्या प्रत्येक जेसीबीत एक डबी बसवली आहे. नकाशातल्या खुणेपासून तीन मीटरच्या आत आला की जेसीबी आपोआप बंद पडतो. तशीच डबी माझ्या गळ्यात आहे. मी कुठे आहे ते सोलापूरच्या ऑफिसात दिसते. एकटे वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, दुपारी १.
शेताच्या मालकीण इरम्माआजी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. उद्या जेसीबीवाला वीरप्पा बांधालगत पाण्याच्या पाइपासाठी चर खणणार. त्याच वाटेत आजींचे मालक, बसप्पा, पुरलेले आहेत. त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. वर दगड नाही. जागा फक्त आजींना माहीत. म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या नकाशात मालकाला तेवढं घाल. त्या वीरप्पाला बांध दिसत न्हाय, माणूस काय दिसंल?"
नकाशाच्या खुणांच्या यादीत समाधी नाही. मी गॅसच्या पाइपाचा व्हॉल्व्ह म्हणून भरले. खोली दीड मीटर. खोटी नोंद आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळी ११.
जेसीबी बरोबर तीन मीटरवर बंद पडला. वीरप्पाने मला शिव्या घातल्या आणि चर वळवून घेतला. आजी त्या जागेकडे पाहत बराच वेळ उभ्या होत्या.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९.
बसप्पांशेजारी आणखी दोन व्हॉल्व्ह. मी भरलेले नाहीत. ऑफिसच्या हर्षाली मॅडम म्हणाल्या, तुमच्याच नंबरवरून भरलेत. चुकले असेल तर त्या जागेवर उभे राहून खोडा, इथून खोडता येत नाही. जाऊन खोडले. दुपारी पाहिले तर पाच.

१७ नोव्हेंबर.
एकोणीस. सगळे दीड मीटरवर. रांग पाइपलाइनकडे जात नाही, कंटेनरकडे येते आहे. आजींना दाखवले. हे रान पूर्वी त्यांच्या लोकांची रुद्रभूमी, म्हणजे पुरण्याची जागा होती, नंतर नांगराखाली गेली, असे त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एकाला राखलंस. बाकीच्यांनी काय करायचं?"

१८ नोव्हेंबर, सकाळी ८.
कंटेनरभोवती पूर्ण गोल. बॅग घेऊन पळालो. गोलावर पाय पडला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. खाली माती नव्हती. खांदा होता—
परत आत आलो.

दुपारी ३.
मॅडमना सगळे खरे सांगितले. खोटी नोंदही. त्या म्हणाल्या, जागेवर उभे राहूनच—
वीरप्पा जेसीबी घेऊन आला. बकेटमध्ये बसवून काढतो म्हणाला. तीन मीटरवर बंद. चार वेळा. डबी उपटून टाक म्हणून ओरडलो. डबी काढली की मशीन चालूच होत नाही म्हणे. मग दोर फेकला. दोर मधेच कोणीतरी धरला. वीरप्पा पळाला.

१९ नोव्हेंबर, सकाळी ७.
दार उघडत नाही. खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत माती. मॅडमचा फोन आला. तुमची डबी जमिनीखाली दिसते, ०.६ मीटर, यंत्र तपासा—

०.९. फोन लागत नाही. पत्रा आत दबतोय.

१.२. छत खाली आले. उभे राहता येत नाही. मांडी घालूनच—

नकाशात माझ्या जागी व्हॉल्व्ह.

खर्च: वही-पेन ६५, एसटी ४०, रिचार्ज १९९.
देणे: इरम्माआजींच्या भाकरीचे १८०. वीरप्पाला डिझेलचे ५००, त्याने मागितले नाहीत, तरी द्यावेत. आईचे